राजाची तेरवी

इंग्रजी शिकवणारे मास्तर या देशात गल्लोगल्ली सापडतात. त्यातले काही तर आपण काय शिकवतो आहोत हे समजून शिकवतात. पण शिकवलेल्या नाटकातला राजा मेला म्हणून घरी येऊन डोक्यावरून आंघोळ करणारा, दाढी वाढवणारा आणि तेराव्या दिवशी अख्ख्या वर्गाला अंगणात पंगतीला बसवून तेरवी घालणारा मास्तर पृथ्वीच्या पाठीवर एकच झाला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा सख्खा मामा निघाला. माझ्या नशिबात सरळ माणसं लिहिलेलीच नाहीत.

ही गोष्ट मला लग्नाआधी कोणी सांगितली नाही. लग्न जमवताना मुलीच्या मामाची नोकरी विचारतात, शुगर विचारतात, पण त्यांना कोणाकोणाचं सुतक लागतं हे कोण विचारतो? त्यामुळे जे व्हायचं ते झालं. छत्तीसगढ राज्य नुकतंच झालेलं, रायपूर नवी नवी राजधानी, आणि मी अमरावतीहून रेल्वेच्या ऑफिसात आलेला नवा नवा जवाई. संक्रांत होऊन आठवडा झाला असेल. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांचा मुलगा मामाजींच्या वर्गात होता. ते सकाळी डबा ड्रॉवरमध्ये ठेवता ठेवता म्हणाले, "अरे भैया, आपके मामा-ससुर के यहाँ गमी हो गई और आप यहाँ बैठे हो? लड़का बता रहा था, सर दाढ़ी नहीं बना रहे. तेरहवीं का न्योता भी दे दिए हैं." मी हादरलो. बायको नेमकी नागपूरला बहिणीकडे गेलेली. फोन करून तिला घाबरवण्यापेक्षा आधी आपण जाऊन यावं, असा पोक्त विचार मी केला. मी आयुष्यात जेव्हा जेव्हा पोक्त विचार केला आहे तेव्हा तेव्हा माझी फजिती झालेली आहे. अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकली, पांढरा कुडता चढवला आणि दुःखाच्या घरी बसायला जातात तसा रिकाम्या हाताने, चेहरा पाडून, मामाजींच्या ओसरीत जाऊन बसलो.

मामाजी चटईवर बसले होते. गालांवर आठवड्याचे पांढरे खुंट, डोळे भिंतीकडे. कोण गेलं हे विचारायची सोय नव्हती, जवायाला तेवढं ठाऊक असायला हवं. म्हणून मी कडेकडेने सुरुवात केली.

"कसं झालं हो, मामाजी?"

"विश्वास टाकला," मामाजी म्हणाले. "नको त्या माणसावर विश्वास टाकला. दुसरं काय."

"घरातलाच होता?"

"ताटात जेवू घातला होता त्याले."

"वय काय होतं यांचं?"

"असंल पन्नाशीचा. जायचं वय नव्हतं, जवाईबापू."

"मग पोलिसात दिलं की नाही त्या माणसाला?"

मामाजींनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "कोणाले देता पोलिसात? मारणाराही मेला, त्याची बायकोही मेली. तासाभरात सहा माणसं गेली. घरात दिवा लावायले कोणी उरलं नाही. आणि शेवटी पाणी मागत होता. एवढा मोठा माणूस, पण तोंडात पाणी घालायले कोणी नव्हतं."

सहा माणसं! आणि पाणी! मी रडलो. नुसते डोळे ओले झाले असं नाही, कुडत्याची बाही ओली होईपर्यंत रडलो. आवाज ऐकून मामी हातात लाटणं घेऊनच बाहेर आल्या. "काहून रडून राहिले, जवाईबापू?" मी हुंदका आवरत म्हणालो, "मामी, सहाच्या सहा!" मामींनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं आणि लाटणं कपाळाला लावलं. "बाप्पा! पुस्तकातला हाय तो! इंग्रजीच्या पुस्तकातला राजा. दरसाल मरते. उठा, तोंड धुवा, चहा ठेवते."

त्या दिवसापासून मी मामाजींचा सगळ्यात आवडता जवाई झालो. बाकीचे दोन जवाई डॉक्टर आणि इंजिनिअर आहेत, पण राजासाठी रडलेला मी एकटाच.

नाटकाचं नाव मी सांगत नाही. ज्यांनी वाचलं आहे त्यांनी ओळखलं असेल, आणि ज्यांनी नाही वाचलं त्यांनी ते शाळेत ऑप्शनला टाकलं असणार, त्यांना आता नाव सांगून काय उपयोग? जुनी इंग्रजी शोकांतिका आहे एवढं पुरे. मामाजींनी ती अकरावी-बारावीच्या पोरांना तीस वर्षं शिकवली. दोन वर्षांत पाच अंक. पहिले चार अंक रमतगमत, आणि पाचवा बारावीच्या जानेवारीत. त्यातही संक्रांत झाल्याशिवाय राजाला हात लावायचा नाही, कारण सुतकात तिळगूळ खाता येत नाही आणि मामींचे तिळाचे लाडू मामाजींना कोणत्याही राजापेक्षा प्रिय होते. त्यामुळे दरवर्षी विष, कट, फितुरी सगळं तयार असून राजा संक्रांतीपर्यंत थांबे. "इंग्रजांच्या देशात त्याले एवढी सवलत कोणी दिली नसंल," असं मामाजी अभिमानाने सांगत.

हे सुतकाचं खूळ आलं कुठून, असं मी एकदा विचारलं होतं. मामाजी म्हणाले, "माझी पहिलीच बारावी होती. मी जीव तोडून राजाले मारलं. शेवटचं वाक्य तोंडातून निघालं नाही तर घंटी वाजली. चाळीस पोट्टे, त्याचं प्रेत तसंच टाकून, समोशाच्या ठेल्यावर धावले. एक सुद्धा मागे नाही थांबला. मी आणि तो, दोघंच वर्गात. मले लाज वाटली. दोन साल रोज भेटलेला माणूस गेला, आणि आपण समोसा खाऊन राहिलो? म्हटलं, यांना मार्क मिळतील, पण माणूस गेल्यावर काय करतात ते शिकवायचं राहिलं." पुढल्या वर्षी त्यांनी तेरवी घातली. मामी पहिली दोन वर्षं भांडल्या, तिसऱ्या वर्षापासून आदल्या रात्री स्वतःच डाळ भिजत घालू लागल्या. त्यांचा हिशोब सरळ होता: "राजा खरा नसंल, पण पोट्टे तर खरे जेवतात ना?" तेरवीचा बेतही खऱ्या तेरवीचाच, वरण-भात, वडे आणि शेवटी तोंड गोड करायला बुंदी. पोरं मात्र पोरंच. वडे मोजून चार चार खायची आणि जाताना "थँक यू सर, नाटक बहुत अच्छा था" म्हणून सायकलवर टांग टाकायची. "अच्छा था म्हणे," मामाजी खिन्नपणे म्हणत. "तेरवीत कोणी असं म्हणते?"

शिकवण्याची पद्धत त्यांची स्वतःची होती. परदेशातली गावं पोरांच्या डोक्यात शिरत नाहीत म्हणून त्यांनी सगळं नाटक रायपुरात आणून वसवलं होतं. राजाचा वाडा तलावाच्या काठी, राणीचं माहेर सदर बाजारात सराफाच्या वरच्या मजल्यावर, विदूषकाचं भांड्यांचं दुकान गोल बाजारात, आणि शत्रूची फौज यायची ती गावाबाहेरच्या, ट्रकांनी तुंबलेल्या भनपुरीकडून. चौथ्या अंकात राजाला मदत वेळेवर का पोचत नाही, यावर विद्वानांनी पुस्तकं लिहिली आहेत म्हणे. मामाजी एका वाक्यात सांगत, "भनपुरी में ट्रक फँसे हैं, बेटा. तुम पहुँचते हो टाइम पे?" सगळा वर्ग मान डोलवून म्हणायचा, "हव सर!" भनपुरीहून येणारी दोन पोरं तर दरवर्षी असायचीच, ती साक्षीदार. एकदा माझ्या बायकोच्या चुलत भावाने परीक्षेत लिहून ठेवलं की राजाचा पराभव वाहतुकीमुळे झाला. मामाजींनी त्याला पूर्ण मार्क दिले.

राजधानी झाली तेव्हा गावात ऑफिसांना जागा पुरेना. एका खात्याने मामाजींच्या शाळेच्या चार खोल्या तात्पुरत्या म्हणून घेतल्या, आणि सरकारी तात्पुरतं म्हणजे आठ वर्षं तरी समजावीत. मामाजींचा वर्ग आणि ते ऑफिस यांच्यामध्ये फक्त प्लायवूडची भिंत. पलीकडे एक बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, बसत, भरघोस मिशांचे, अगदी गंभीर. पहिल्या महिन्यात त्यांनी आवाजाची लेखी तक्रार केली. दुसऱ्या महिन्यात त्यांनी आपलं टेबल प्लायवूडला लावून घेतलं. आणि चौथ्या अंकाच्या वेळी तर ते मधल्या सुट्टीत मामाजींना गाठून हळूच विचारू लागले, "सर, दो दिन से मैं छुट्टी पे था. राजा को पता चला क्या?" मामाजी म्हणायचे, राजधानीने आपल्याला दुसरं काही दिलं नसेल, पण एक खरा प्रेक्षक दिला.

आणखी एक सवय सांगायलाच हवी, कारण तिच्याशिवाय मामाजी पुरे होत नाहीत. ते स्वगत बोलत. पुष्कळ माणसं आपल्याशी पुटपुटतात, तसं नव्हे. नाटकात पात्र प्रेक्षकांकडे तोंड करून मनातलं बोलतं, ते शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जातं आणि शेजारी उभ्या असलेल्या पात्राला मात्र ऐकू येत नाही, या नियमावर मामाजींची गाढ श्रद्धा होती. जेवताना भाजी खारट झाली की ते भिंतीकडे वळून स्वच्छ आवाजात म्हणत, "आज समुद्रच उतरला आहे पानात." मामी समोरून म्हणत, "मले ऐकू येते बरं!" मामाजी शांतपणे उत्तर देत, "नाटकात येत नाही." लग्नानंतर पहिल्यांदा मी त्यांच्याकडे जेवायला गेलो तेव्हा ते भिंतीला म्हणाले, "पोट्टा साधा दिसते. टिकंल." मी ऐकलं नाही असं दाखवलं. ती माझी त्या घरातली पहिली पसंती.

असं सगळं सुरळीत चाललं होतं, आणि मामाजींच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी, दिवाळीच्या सुट्टीत, त्यांच्या छातीत दुखायला लागलं. दवाखान्यात नेलं, एका नळीत अडथळा निघाला, तो काढला. हृदयाचे डॉक्टर मामाजींचेच जुने विद्यार्थी होते. घरी सोडताना त्यांनी कागदावर पथ्य लिहिलं. मीठ कमी. तेल कमी. जिना हळू. आणि चौथ्या ओळीत, खाली रेघ मारून, अंक पाचवा बंद. "मैंने देखा है आपको पाँचवें अंक में, सर," ते हात जोडून म्हणाले. "वो मेरी दवाई से नहीं संभलेगा."

मामाजींनी मीठ सोडलं, वडे सोडले, जिना हळू चढू लागले. चौथ्या ओळीचं नाव काढलं की उठून अंगणात जात. संक्रांत जवळ आली तशी घरातली हवा तंग झाली. मामी हट्टाला पेटल्या. "दुसरा मास्तर शिकवंल!" मामाजी म्हणाले, "तो गाईड पाहून शिकवते. त्याच्या हातून मरू देऊ मी राजाले?" "मग शिकवूच नका." "बोर्डात पाचव्या अंकावर प्रश्न येतात. पोट्ट्यांनी काय लिहावं, राजाची प्रकृती स्थिर आहे म्हणून?" मामी स्वयंपाकघरात जाऊन रडल्या. त्या एरवी रडणाऱ्या नाहीत, म्हणून आम्ही सगळे घाबरलो. तेव्हा माझ्या बायकोने तोड काढली. मामांनी शिकवावं, पण खुर्चीवर बसून, हळू आवाजात, आणि घरचं एक माणूस जिभेखाली ठेवायची गोळी घेऊन वर्गात बसेल. कोण बसणार? मामींनी पदराने डोळे पुसले आणि माझ्याकडे पाहिलं. "जवाईबापू, तुम्हीच जा. तुम्हाले इंग्रजी येत नाही, तुमच्यावर काही परिणाम होत नाही." मी त्यांना माझ्या जुन्या रडण्याची आठवण करून दिली. त्या म्हणाल्या, "ते मराठीत सांगितलं होतं म्हणून."

संक्रांतीनंतरचा सोमवार होता. मी शेवटच्या बेंचवर बसलो. बेंच सोळा-सतरा वर्षांच्या पोरांच्या मापाचा, आणि मी चाळिशीचा, त्यात पोट वेगळं. एकदा आत गेलो ते गेलोच. गोळी शर्टाच्या खिशात, खिशावर हात, डोळे मामाजींच्या छातीवर. मामींनी बजावून ठेवलं होतं, छातीवर हात नेला की समजा.

मामाजी खुर्चीवर बसले. चार मिनिटं बसले. पाचव्या मिनिटाला फितूर दरबारात शिरला आणि मामाजी उठून उभे राहिले. दहाव्या मिनिटाला ते टेबलाच्या पुढे आले. इंग्रजीत होतं तोवर मी सुरक्षित होतो. मग त्यांनी हिंदी धरली, मग राजाची म्हातारी दासी छत्तीसगढीत आक्रोश करू लागली, आणि प्लायवूडच्या पलीकडून बडे बाबूंनी नाक शिंकरल्याचा आवाज आला. मीही बाकाला घट्ट धरलं. आणि शेवटी, राजाला जखम झाल्यावर, मामाजींनी एकदम वऱ्हाडी सुरू केली. मागून त्यांनी मला सांगितलं की मरताना माणूस आईच्या भाषेतच बोलतो, तो कोणत्याही देशाचा राजा असो. ते मागून. त्या क्षणी मला एवढंच दिसलं की मामाजींचा उजवा हात छातीवर गेला, तोंड वेडंवाकडं झालं, ते एका गुडघ्यावर आले आणि म्हणाले, "पाणी... पाणी द्या रे कोणी..."

हे नाटक की खरं? तीस वर्षांत हा प्रश्न कोणाला पडला नव्हता, तो नेमका मला पडला. मी गोळी काढली आणि उठलो. बेंच माझ्याबरोबर उठला. मी, बेंच आणि बेंचवरची दोन दप्तरं असे आम्ही चौघे पुढे निघालो आणि तिसऱ्या रांगेपाशी आडवे झालो. पडताना मला एवढंच सुचलं की गोळी जिभेखाली ठेवायची आहे. कोणाच्या, हे त्या घाईत राहून गेलं. मी ती माझ्या जिभेखाली ठेवली.

ती गोळी रक्तदाब उतरवते हे मला तेव्हा कळलं. वर्ग फिरला, पंखा खाली आला, आणि शेवटचं जे दिसलं ते असं की जखमी राजा टुणकन उडी मारून उठला आणि "जवाईबापू!" असं ओरडत माझ्याकडे धावला. मागून एक पोरगं आनंदाने किंचाळलं, "राजा उठ गया!" बडे बाबू पलीकडून स्टीलचा ग्लास घेऊन पळत आले. जे पाणी त्या राजाला शतकानुशतकं मिळालं नव्हतं, ते माझ्या तोंडावर ओतलं गेलं.

दवाखान्यात आम्हा दोघांनाही झोपवलं. मामी एका पायात स्वतःची आणि एका पायात मामाजींची चप्पल घालून आल्या, त्यांच्यामागे माझी बायको. डॉक्टरांनी आमच्या दोघांच्या ईसीजीचे कागद समोर धरले आणि म्हणाले, "सर बिलकुल ठीक हैं. इनका दिल पहले से अच्छा चल रहा है. जीजाजी को थोड़ा नींबू-पानी दे दीजिए." मामी भिंतीला टेकून खाली बसल्या आणि हसू लागल्या. हसता हसता रडल्या, पुन्हा हसल्या. माझ्या बायकोने माझ्या कपाळावर हात ठेवला आणि इतका मोठा श्वास सोडला की मला वाटलं, तो तिने दिवाळीपासून धरून ठेवलेला होता.

पण मामाजी खूश नव्हते. मामींनी त्यांना दहा दिवस घरी बसवलं, पुस्तक तांदळाच्या कोठीत तळाशी पुरलं, आणि दहा दिवस संपेपर्यंत बारावीच्या पोरांना अभ्यासाची सुट्टी लागून गेली. म्हणजे शेवटचा वर्ग होऊन गेला होता आणि तो कोणाला कळलाही नव्हता. मी एका सकाळी गेलो तर मामाजी आरशासमोर अर्धी दाढी करून बसले होते. "काय करू सांगा," ते म्हणाले. "सुतक लागलं म्हणावं तर तो मेला नाही. नाही लागलं म्हणावं तर जगलाही नाही. तीस सालात पहिल्यांदा त्याले अर्धमेला टाकून आलो, जवाईबापू." ज्याच्यामुळे राजा लटकला तो मीच. मामी आतून म्हणाल्या, "तुम्ही जिते आहात ना? मले तेवढं पुरे." मामाजींनी उरलेली दाढी केली, पण भिंतीला काही बोलले नाहीत. मामींनाच ते जास्त लागलं असावं. जेवताना त्यांनी मुद्दाम वरणात मीठ अजिबातच घातलं नाही. मामाजी तेही मुकाट्याने जेवले.

मग एका रविवारी दुपारी आम्ही दोघं त्यांच्याकडे असताना फाटकाशी सायकली आणि स्कुट्यांचा गलका झाला. बाहेर पाहतो तर अख्खी बारावी. प्रत्येकाच्या हातात डबा. सगळ्यांच्या पुढे एक पोट्टी, दोन वेण्या, बोटात स्कूटीची किल्ली, आणि सगळ्यांच्या मागे मिशांचे बडे बाबू, बुंदीचा पुडा छातीशी धरून.

"सर, तेरहवीं है," पोट्टी म्हणाली. "खाना लाए हैं."

"किसकी?" मामाजी म्हणाले.

"राजा की, सर. और किसकी?"

मामाजी ओसरीच्या पायरीवर बसले. मग तिने सांगितलं. दुसऱ्याच दिवशी मामाजींचा तास रिकामा होता. कोणीतरी पुस्तक काढलं, कामं वाटून घेतली आणि उरलेला अंक पोरांनीच वाचून संपवला. राजा कोण झालं होतं, असं मामाजींनी विचारलं. "मैं, सर," ती लाजून म्हणाली. बडे बाबू टेबल सोडून शेवटच्या बेंचवर येऊन बसले होते.

"और पानी?" मामाजींनी विचारलं.

"बाबूजी तो ग्लास लेके खड़े हो गए थे, सर. हम लोगों ने मना कर दिया. किताब में नहीं है न."

बडे बाबूंनी खाली मान घातली.

"और सर," पोट्टी जाता जाता सांगावं तसं म्हणाली, "घंटी बज गई थी बीच में. समोसे वाला भी आ गया था. कोई नहीं उठा."

मामाजींनी चष्मा काढला, धोतराने पुसला आणि हातातच धरून ठेवला.

त्या दिवशी अंगणात पंगत उलटी बसली. मामाजी आणि मामी पाटावर, पोरं वाढायला. वरण-भात होता, तांदळाच्या पिठाचे वाफवलेले फरे होते. "नमक कम है, सर. डॉक्टर भैया से पूछ के बनाए हैं," असं प्रत्येक डबा उघडताना कोणी ना कोणी सांगत होतं. बडे बाबूंनी बुंदी वाढली, मामाजींच्या पानात मोजून पाच दाणे. कोणीही "नाटक अच्छा था" असं म्हणालं नाही. जेवून हात धुऊन पोरं थोडा वेळ नुसती बसली, दुःखाच्या घरी बसतात तशी. मग एकेक जण पाया पडून निघालं.

अंगण रिकामं झाल्यावर आम्ही चौघंच उरलो. मामाजी भिंतीकडे वळले आणि कितीतरी दिवसांनी त्यांच्या जुन्या, स्वच्छ, शेवटच्या रांगेपर्यंत जाणाऱ्या आवाजात म्हणाले, "दिवाळीत दवाखान्याच्या टेबलावर पडलो होतो तेव्हा मले एकच भेव होतं. आपली घंटी वाजली तर कोण थांबते?" मग एकदा फाटकाकडे पाहून, "थांबतात."

मी मामींकडे पाहिलं. आता त्या म्हणणार, "मले ऐकू येते बरं!" मामींनी खरकटी पानं गोळा केली, मामाजींच्या पानातला उरलेला बुंदीचा एक दाणा उचलून स्वतःच्या तोंडात टाकला, आणि काहीच ऐकू न आल्यासारख्या आत निघून गेल्या.

परत येताना बायको स्कूटरवर मागे बसली होती. तलावाच्या वळणावर मी गाडी हळू केली तेव्हा मागून म्हणाली, "मामा भिंतीला काय म्हणाले, तुम्हाले ऐकू आलं काय हो?"

"नाही," मी म्हणालो.

"मलेही नाही," ती म्हणाली. थोडी पुढे सरकून तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "रविवारी रविवारी येत जाऊ आपण यांच्याकडे."